पिवळा दिवा, बंद काचा

२ डिसेंबर, मंगळवार

परत लागला! इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा. गेवराई सोडली, पेट्रोल पंप मागं गेला आणि लागला — तो उमापूर येईपर्यंत तसाच. दिवाळीपासून ही तिसरी वेळ.

मी काही हौसेनं गाडी शिकले नाही. नोकरीपायी शिकले. माझं आरोग्य उपकेंद्र उमापूरच्या पुढं सात किलोमीटर, वस्तीवर. एसटी दिवसातून दोनदा. सरूचे पप्पा वाळूजला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. मग पाच वर्षांच्या पोरीला गेवराईत एकटीला ठेवणार कुणाजवळ? म्हणून सकाळी आठला दोघी निघतो, उमापूरला तिला आत्यांपाशी — माझ्या सासूबाईंपाशी — सोडते आणि मी पुढं उपकेंद्रात. संध्याकाळी तसंच माघारी.

आज सगळ्या वाटेनं मी रस्ता कमी आणि दिवा जास्त बघितला. सरू मागच्या सीटवरून, "मम्मी, ते कासव कावून लागलंय?" तिला ते चित्र कासवासारखं दिसतं.

 गाडी बंद पडली तर? मधल्या माळावर मोबाईलला रेंजसुद्धा नसते.

३ डिसेंबर

बजरंग भावजींच्या गॅरेजला जाऊन आले. आत्यांचा सख्खा भाचा, म्हणजे ह्यांचा मामेभाऊ. गाडी घेतली तेव्हापासून दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला नाही. घरात त्यावर बोलायचीही सोय नाही.

त्यांनी छोटं यंत्र वायरीनं जोडलं. स्क्रीनवर काहीतरी अक्षरं-आकडे आले. मी वाकून बघेपर्यंत पुसून टाकले. दिवा गेला.

"कायी न्हाई वैनी. पेट्रोलमंदी भेसळ असली की लागतो."

"मागच्या वेळी तुम्ही धुळीनं म्हणालात."

"धुळीनंबी लागतो."

मी हसले. काय करणार! चहा पाजला त्यांनी.

५ डिसेंबर

लागला. दोन दिवस टिकलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

हे आले होते. गाडीतून एक चक्कर मारली, म्हणाले, "मस्त चाललीय की. उलट पिकअप वाढलाय." दिवा दाखवला. "दिवा हाय तो, साप न्हाई. लई घाबरतीस तू."

घाबरते. खरं आहे. दोन वर्षं झाली चालवायला लागून, तरी वाळूची हायवा, तो मोठा डंपर, समोरून आली की मी गाडी पार कडेला घेऊन थांबते. पण एवढं नव्हतं आधी. आता उमापूरला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागतं. दोन्ही कानशिलं कुणी आवळून धरल्यासारखी. उपकेंद्रात पोचून, पेशंट बघत बघत, अकरा-बाराला उतरतं. घरी परत आले की पुन्हा सुरू.

ह्यांना सांगितलं. "टेन्शन घेतीस म्हणून."

आज दिवसभर घरी होते. डोकं अजिबात दुखलं नाही. म्हणजे टेन्शनच असणार.

९ डिसेंबर

भावजींनी सेन्सर बदलला म्हणे. "आता गॅरंटी माझी वैनी." जुना सेन्सर दाखवा, मी म्हणाले, तर "टाकला की भंगारात." इतक्या लवकर?

नवा म्हणून जो दिसला त्याच्या स्क्रूला गंज होता.  आपल्याच माणसाला कसं म्हणायचं! पण दिसला मला गंज.

१२ डिसेंबर, शुक्रवार

 अक्षर बघ कसं आलंय.

संध्याकाळी परतताना पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या. त्यांच्या मागं मागं चालले होते, सावकाश. काचा बंद. सरूला खोकला आहे, थंडी आहे आणि उसाचं पाचट उडत असतं. किती वेळ तशी चालले, आठवत नाही. हेच मला समजत नाहीये — आठवत नाही! झोप लागली असं नाही. डोळे उघडे होते. पण विचार उशिरा पोचत होते. ब्रेक दाबायचा आहे, हे कळलं आणि मग बऱ्याच वेळानं पाय हलला.

आणि एकदम हॉर्न. समोर हायवा. मी तिच्या बाजूला गेलेली! कधी गेले? स्टिअरिंग ओढलं, गाडी कडेच्या मुरमात उतरून थांबली. हायवावाला थांबला नाही. शिवी दिली असेल.

दार उघडून बाहेर उभी राहिले. ओकारी आली. गार वाऱ्यात पाचेक मिनिटं उभी राहिले तेव्हा डोकं जरा जागेवर आलं.

मागं वळून बघितलं तर सरू झोपलेली. एवढा हॉर्न वाजला, गाडी एवढी हिसकली, पोरगी जागी झाली नाही.

१३ डिसेंबर

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं. बीपी बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "मॅडम, भीतीचा झटका होता. काही जणांना ड्रायव्हिंगची असते. अर्धी गोळी घ्या, सकाळी निघायच्या आधी."

मी स्वतः किती बायकांना हेच सांगितलंय — मनाला लावून घेऊ नका म्हणून. कुणी माझं ऐकलं असेल तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल, ते आज कळलं.

गोळी घेतली.

१६ डिसेंबर, मंगळवार

सरू रोज झोपते गाडीत. गेवराई सुटली की दहा-पंधरा मिनिटांत. आधी सगळी वाट बडबड असायची — शेळ्या मोज, ट्रॅक्टर मोज. आत्या म्हणतात, "थंडीचे दिवस हायत, झोपंना बापडी." पण उठल्यावर कपाळ धरते. "मम्मी, डोक्यात वाजतंय."

डोळे तपासून घेतले. चांगले आहेत. हिमोग्लोबिन केलं. ठीक.

आज उमापूरला पोचल्या पोचल्या बॅगेतला ऑक्सिमीटर काढून तिच्या बोटाला लावला. नव्व्याण्णव. माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. म्हणजे ऑक्सिजन व्यवस्थित. जीव भांड्यात पडला.

मग काय होतंय आम्हाला?

दिवा लागलेलाच आहे.

१८ डिसेंबर

गेला! भावजींनी सकाळी मीटर खोलून बघितला. "आता दिसायचा न्हाई तुमाला."

१९ डिसेंबर

अजून नाही लागला. सरू म्हणाली, "कासव मेलं." मी रागावले तिला. असं बोलू नये म्हणून. कशाला रागावले, कळत नाही.

डोकं आहे तसंच.

२२ डिसेंबर, सोमवार

लिहू का नको असं झालंय. पण लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की मला भास झाला.

सकाळी धुकं होतं. काचा गच्च बंद, गाडी हळू. उमापूरला पोचायला तासभर लागला. आत्यांच्या दारात गाडी लावली, मागचं दार उघडलं, "सरू, ऊठ." नाही उठली. हलवलं. मान एका बाजूला गेली आणि तशीच राहिली. गाल मात्र लालबुंद — अशी छान दिसत होती की क्षणभर मला वाटलं, मस्करी करतेय.

"सरू! ए सरू!"

आत्या धावत आल्या. मी तिला उचलून अंगणात आणलं. पाठीवर थापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. मी नर्स आहे. लोकांच्या लेकरांना मी हे सगळं शांत डोक्यानं करते. आज मला नाडीसुद्धा सापडेना. 

मग तिनं डोळे उघडले. ओकली. रडली. रडली म्हणून मी देवाचे आभार मानले.

"दृष्ट लागली हाय लेकराला," आत्या म्हणाल्या, आणि आत जाऊन मीठ-मोहऱ्या आणल्या. मी अडवलं नाही. कुणी काही म्हणालं असतं तरी केलं असतं मी आज.

अर्ध्या तासानं पोरगी शेळीच्या पिलामागं पळत होती. जसं काही झालंच नाही!

उपकेंद्रात गेले नाही. तिथंच ओट्यावर बसून राहिले. माझी गाडी दारात उभी. तिच्याकडं बघवेना. संध्याकाळी शेजारच्या पोरानं ती गेवराईत आणून लावली, आम्ही दोघी एसटीनं आलो.

२३ डिसेंबर

एसटीनं गेलो. दोघी. उमापूरपर्यंत एसटी, पुढं मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर. उशीर झाला, बोलणी बसली.

पण डोकं दुखलं नाही. सरू झोपली नाही. शेळ्या मोजल्या तिनं, एकशे चार.

ह्यांना फोनवर सांगितलं. "बघ, मी म्हणत होतो ना? गाडी चालवायची न्हाई म्हणल्यावर भीती न्हाई, भीती न्हाई म्हणल्यावर डोकं न्हाई."

मग सरूचं काय? ती तर गाडी चालवत नाही! तिला कशाची भीती?

हे मी विचारलं त्यांना. मग म्हणाले, "आईला बघून लेकरू घाबरतं."

फोन ठेवला मी. त्यांनी नाही, मी ठेवला.

२४ डिसेंबर, बुधवार

गाडीचं पुस्तक काढून वाचलं. दोन वर्षं डिकीत पडून होतं, पानंसुद्धा चिकटलेली.

त्यात लिहिलंय — चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, की मीटरमधले सगळे दिवे एकदा लागायला पाहिजेत. दिवे जिवंत आहेत हे कळावं म्हणून.

खाली गेले. चावी फिरवली. बॅटरीचा लागला. ऑइलचा लागला. सीटबेल्टचा, एअरबॅगचा. कासव नाही. पाच वेळा केलं. नाही.

दिवा विझला नव्हता. भावजींनी तो आतून बंद केला होता.

गाडीत बसले होते ती पटकन उतरले. कुणी बघत नाही ना, असं उगाच इकडंतिकडं बघितलं. मला माझ्याच गाडीची अशी भीती कधी वाटली नव्हती. त्यात काय आहे, जे मला दिसू द्यायचं नव्हतं?

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज बीडला मीटिंग होती. सरूला काल संध्याकाळीच एसटीनं नेऊन आत्यांपाशी ठेवलं आणि गाडी मी एकटीनं नेली. सगळ्या काचा खाली. का कुणास ठाऊक — एसटीत डोकं दुखलं नाही, एसटीच्या खिडक्या उघड्या होत्या, एवढंच डोक्यात होतं. बीडला पोचले. गारठले होते, पण डोकं साफ.

मीटिंगमधल्या एका मैत्रिणीनं त्रिंबक मिस्त्रींचं गॅरेज सांगितलं. साठीचे आहेत. कमी बोलतात. मी सगळं सांगितलं, त्यांनी मधे एकदाही "ताई, घाबरू नका" म्हटलं नाही. त्याचंच बरं वाटलं.

यंत्र जोडलं. कोड पुसला नाही, मला जवळ बोलावून दाखवला. मग गाडी वर उचलली आणि खाली जाऊन पान्यानं सायलेन्सरवर ठोकलं. ठण्ण! मोकळ्या डब्यासारखा आवाज. पुढच्या फुगीर भागावर ठोकलं. तिथंही ठण्ण.

"ताई, ह्यातली माती काढली कुणीतरी."

माती म्हणजे धूर साफ करणारी जाळी असते आत. तिचा चुरा महाग विकला जातो. सायलेन्सर कापायचा, माती काढायची, रिकामा डबा पुन्हा वेल्डिंग करून लावायचा. गाडी चालते. फक्त मागचा सेन्सर ओरडत राहतो की धूर साफ होत नाहीये. तो दिवा त्याचाच.

माझ्या डोळ्यांपुढं गंजका स्क्रू आला. पेट्रोलची भेसळ, धूळ, गॅरंटी माझी वैनी.

मग ते म्हणाले, "चालू करा जरा." धुराच्या नळीच्या तोंडात त्यांनी ओला बोळा दाबून धरला. खालून, वेल्डिंगच्या जागेतून, फस्सकन धूर आला. बरोबर मागच्या सीटच्या खाली. तिथल्या गाडीच्या बुडाच्या पत्र्यातलं एक रबरी बूच पण निघालेलं, धूर तिथनं आत.

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. माझ्याकडं न बघता विचारलं, "काचा बंद करून चालवता का?"

"हो."

"डोकं दुखतं?"

मी खाली बसले. तिथंच, ऑइल सांडलेल्या फरशीवर.

"मागं कोण बसतं, ताई?"

 कार्बन मोनॉक्साइड. मला शिकवलंय हे! रक्तात ऑक्सिजनची जागा तो घेतो. गाल लाल दिसतात. आणि बोटाला लावायच्या त्या चिमट्याला दोघांतला फरक कळत नाही, तो नव्व्याण्णवच दाखवतो. पेपरात लिहिलं होतं मी हे, पाच मार्कांना. आणि माझ्या लेकीच्या बोटाला तो लावून मी समाधानानं चहा प्यायले.

मिस्त्रींनी वेल्डिंग भरलं, बूच लावलं. "हे चार दिवसांचं काम. नवा बसवा. तोवर काचा उघड्या." त्यांच्या बायकोनं आतून पाणी आणून दिलं.

चारी काचा खाली करून आले. वाटेत दोनदा थांबून रडले.

२७ डिसेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग, "सरू कशी हाय?"  मग, "मी बोलतो बजरंगशी. तू कुठं बोलू नको."

आत्यांना सांगताना वाटलं, भाच्याची बाजू घेतील. पण त्या सरूला मांडीवर घेऊन दुपारभर बसल्या. ती म्हणत होती सोड, तरी सोडलं नाही. संध्याकाळी माझ्याजवळ आल्या.

"योगिता, पोलिसात जाशील का?"

"माहीत नाही."

"जाऊ नको. माझ्या भावाला हे एकच लेकरू हाय. माझ्या अंगदच्या अंगावरची कापडं घालून वाढलंय ते."

२९ डिसेंबर, सोमवार

बजरंग भावजी आत्यांच्या घरी आले. नवा सायलेन्सर घेऊन. हे पण सुट्टी टाकून आले होते. अंगणातच गाडी जॅकवर चढवून बसवला. दोन तास. कुणी चहा विचारला नाही.

काम झाल्यावर माझ्यासमोर उभे राहिले, मान खाली. "चुकलो वैनी. हवा आत यील हे मला ठाऊक न्हवतं. सरूच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो."

हात पुढं आला त्यांचा. मी सरूला मागं ओढलं. त्यांच्या हाताला वंगण होतं आणि तो हात तसाच हवेत राहिला.

ह्यांनी एवढंच म्हटलं, "दिवाबी परत जोड." जोडला. चावी फिरवली, लागला, इंजिन चालू केलं, गेला.

मग घरात बसून ठरलं. म्हणजे आत्या बोलल्या, हे बोलले, मी ऐकलं. नवा सायलेन्सर बसला, पोरगी बरी आहे, घरातली गोष्ट घरात राहू दे.

"योगिता?" आत्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. मला आता भांडण नको होतं. मला झोप पाहिजे होती.

३१ डिसेंबर

दोन दिवस काचा बंद करून चालवलं. आधी एकटीनं, मग सरूला घेऊन. डोकं नाही. सरू जागी. गोळी बंद केली.

किती दिवसांनी धास्ती नाहीये! हायवा आली तरी नुसती बाजूला घेतली.

५ जानेवारी, सोमवार

बारा वाजता ओपीडी संपत आली होती. साखराबाई आल्या. वरच्या धनगरवस्तीवरच्या, मेंढरं आहेत त्यांची. नातीला घेऊन आल्या होत्या, आठ वर्षांची.

"बाई, हिला ताकदीची गोळी द्या. पोरगी शाळंत झोपती. मास्तर म्हणतो ढ हाय. न्हाई वो, लई हुशार होती. दिवाळीपस्तोर पयली यायची."

पोरीच्या डोळ्यांखालचं बघितलं, रक्त बघितलं. सगळं ठीक. ती एका हातानं कपाळ दाबत होती.

मी विचारलं, "डोकं कधी दुखतं गं? घरी?"

मान हलवली. नाही.

"शाळेत?"

"शाळंत गेल्यावर. मंग सुट्टीत कमी होतं."

"शाळेत कशी जातेस?"

"व्हॅननं."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. मी ते उचलायला वाकले आणि तशीच वाकून राहिले जरा वेळ.

व्हॅन हनुमानची. वस्त्या-वस्त्यांवरून पोरं गोळा करत तासाभरानं उमापूरला शाळेत पोचवते. थंडीत काचा बंदच असणार. मी साखराबाईंना म्हटलं, उद्या पोरीला व्हॅनमधून पाठवू नका. त्या म्हणाल्या, बरं. पण त्यांची दोन मेंढरं आजारी आहेत, त्यांचं लक्ष तिकडंच. फोन नाही त्यांच्याकडं. नीट समजलं का त्यांना? कावून म्हणून विचारलं त्यांनी, तेव्हा पुढं चार बायका बसल्या होत्या आणि मी — मी "सांगते नंतर" म्हणाले! घरातली गोष्ट घरात. तेच आलं तोंडात. थू माझ्यावर.

पाचला थेट गॅरेजला गेले. सरूला आत्यांपाशीच ठेवलं.

भावजी मला बघून उठले.

"किती गाड्या?" मी विचारलं.

"वैनी, झालं की आता ते —"

"किती?"

फडक्यानं हात पुसत राहिले. पुसून पुसून हात लाल झाले. "आठ. नऊ."

"हनुमानची व्हॅन?"

ते फडक्याची घडी घालायला लागले.

"भावजी, व्हॅन?"

"दिवाळीच्या सुट्टीत आली होती सर्व्हिसिंगला." मग एकदम घाईनं, "व्हॅनची माती लई असती वैनी. पण मी बोलवून घेतो उद्या. दुपारी. पोरं सोडून आला की. करतो नीट. शप्पथ."

"तुम्हाला आठ दिवस आधी कळलं होतं. सरूचं कळलं तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. माझ्यासारखेच घाबरलेले होते. घाबरून आठ दिवस गप्प बसलेले. मीसुद्धा हो म्हणून गप्पच बसले होते. दुसऱ्या कुणाच्या गाडीतलं काढलं का, एवढं साधं विचारायचं मला सुचलं नाही. माझी पोर बरी झाली, माझं संपलं.

हनुमानचा फोन बंद. शाळेच्या मुख्याध्यापकांचा लागला नाही. ह्यांना लावला. म्हणाले, "बजरंग करतो म्हणतोय ना उद्या? आईला शब्द दिलाय तू." 

दिलाय.

हनुमानला पुन्हा लावला. बंद. व्हॅन साडेसातला पहिल्या वस्तीवरून निघते. सहाला निघायला पाहिजे मला.

६ जानेवारी, मंगळवार

उसाची ट्रॉली रस्त्यात उलटलेली. तास गेला. पहिली वस्ती गाठता आलीच नाही. उमापूरच्या पुढं, फाट्याअलीकडं, व्हॅन समोरून आली. मी गाडी आडवी घातली. हनुमान शिव्या देत उतरला. मी मागचं दार ओढलं.

सतरा पोरं. एकमेकांच्या अंगावर. सगळी झोपलेली.

एकेकाला ओढून रस्त्यावर आणलं, गालावर मारलं, नावं माहीत नव्हती, जे सुचेल त्या नावानं हाका मारल्या. हनुमानला मग समजलं. तोही ओढायला लागला, रडत. सोळा उठली. साखराबाईंची नात मागच्या कोपऱ्यात होती. ती उठेना. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उठली.

म्हणाली, "शाळा आली का?"